वाचकांचे प्रश्न: दारातल्या बर्फाचं मीठ कुठं ठेवायचं, किती टाकायचं

मागच्या अंकात हिवाळ्याच्या तयारीबद्दल प्रश्न मागवले होते, त्यातले बरेचसे मिठाचेच निघाले. पायऱ्यांवर, ड्राइव्हवेवर बर्फ होऊ नये म्हणून जे टाकतो ते, रॉक सॉल्ट म्हणा की आइस मेल्ट म्हणा. मी इकडे कॅनडात, मिसिसागात इमारतींच्या देखभालीचं काम करतो, हिवाळाभर हाच उद्योग असतो, म्हणून संपादकांनी उत्तरं माझ्याकडे सोपवली. सगळ्यांनाच उत्तर देता आलं नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

ब्रॅम्प्टनहून एक वाचक: आमचं टाउनहाउस आहे. गेल्या वर्षी सेल होता म्हणून आइस मेल्टच्या २० किलोच्या सहा पिशव्या घेतल्या, चार उरल्या, त्या गराजमध्ये जमिनीवरच एकावर एक ठेवल्या होत्या. आता बघतो तर दोन पिशव्या दगड झाल्यात आणि तिसरीतून पाणी गळून खाली चिकट डाग पडलाय. मीठ एक्स्पायर झालं का? फेकून देऊ?

फेकू अजिबात नका. मीठ एक्स्पायर होत नाही हो, ते कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून होतं, तुमच्या गराजमधल्या एका उन्हाळ्यानं त्याचं काय बिघडणार. बिघडतं ते ठेवण्यामुळे. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं, आणि हवा परत कोरडी झाली की तेच पाणी उडून जातं आणि दाणे एकमेकांना चिकटून बसतात. पावसाळ्यात कोकणातल्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं आणि दिवाळीपर्यंत त्याचाच गोळा होतो, तसंच हे. ऑन्टारियोचा जुलै-ऑगस्ट दमट असतो आणि गराजची काँक्रीटची जमीन थंड, त्यामुळे सगळ्यात खालची पिशवी आधी जाते. त्यात पिशवीला एखादं बारीक भोक पडलेलं असलं की झालंच.

आता ती गळणारी पिशवी, तिचं लेबल वाचा, बहुतेक कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड निघेल. ही दोन्ही आर्द्रता एक तृतीयांशाच्या आसपास असली तरी पाणी ओढतात, म्हणजे तुमच्या घरातली नेहमीची हवासुद्धा त्यांना पुरते, आणि ओढता ओढता स्वतःच विरघळून पातळ होतात. म्हणून ह्यांची पिशवी एकदा फोडली की ती घट्ट झाकणाच्या बादलीतच गेली पाहिजे, क्लिप लावून, घडी घालून भागत नाही. गळालेलं आहे ते रबरी हातमोजे घालून बादलीत भरा, डाग भरपूर पाण्यानं पुसून घ्या आणि ते पातळ झालेलं वाळूवर शिंपडून ठेवलंत तर ती वाळू थंडीत गोठत नाही, पायऱ्यांवर छान वापरता येते. दगड झालेल्या पिशव्या आडव्या धरून जमिनीवर आपटा, नाहीच फुटल्या तर जुन्या ताडपत्रीखाली घालून हातोडीनं फोडा, डोळ्याला चष्मा लावून, कारण मिठाचा कण डोळ्यात उडाला तर फार झोंबतं.

पुढच्या वेळी एक लाकडी पॅलेट किंवा नुसत्या दोन फळ्या खाली घाला आणि भिंतीपासून जरा लांब ठेवा. फोडलेली पिशवी रबरी कडेच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत ओता आणि आत काय आहे ते मार्करनं बादलीवर लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी सगळं पांढरं पांढरं सारखंच दिसतं. फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र), वॉटर हीटर, इलेक्ट्रिकचं पॅनल, सायकली, हत्यारांची पेटी यांच्या शेजारी मीठ ठेवू नका, ओलं मीठ लोखंड खातं आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. बरेच जण बेसमेंटमध्ये फर्नेसच्या बाजूला "तिथे कोरडं असतं" म्हणून ठेवतात, माझा त्याला सक्त विरोध आहे.

आणि सहा पिशव्या लागतातच कशाला? अमेरिकेत नि इकडे जलसंधारणवाले लोक एक साधं माप सांगतात, १२ औंसाचा कॉफीचा मग भरून मीठ, म्हणजे साधारण अर्धा किलोला थोडं कमी, सुमारे २५० चौरस फुटांना पुरतं. म्हणजे २० किलोच्या एका पिशवीत तुमचा छोटा ड्राइव्हवे चाळीसहून जास्त वेळा होतो! दोन पिशव्या घेतल्यात तरी हिवाळा निघून काही उरेल, अट एवढीच की आधी शॉवेलनं बर्फ काढायचा आणि मग मीठ टाकायचं. चार इंच बर्फावर मीठ ओतणारे शेजारी माझेही आहेत, ते सगळं मीठ वरच्या बर्फातच वाया जातं, खालचा थर तसाच राहतो.

मिनियापोलिसहून: जानेवारीत उणे १० फॅरनहाइट (म्हणजे उणे २३ सेल्सिअस) होतं, मीठ टाकून टाकून थकलो, दाणे बर्फावर तसेच बसून राहिले. भेसळीचं मीठ मिळालं का?

भेसळ नाही, थंडीच जास्त होती. मीठ स्वतः बर्फ वितळवत नाही, बर्फावर पाण्याचा जो पातळ थर असतो त्यात ते विरघळतं आणि त्या खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पुस्तकात साध्या मिठाचा आकडा उणे २१ सेल्सिअस दिलेला असतो पण तो अगदी २३ टक्के तीव्रतेच्या पाण्याचा, प्रत्यक्षात अंगणात १५ फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ९ सेल्सिअसच्या खाली गेलं की साधं मीठ इतकं हळू चालतं की न टाकल्यासारखंच. मॅग्नेशियम क्लोराइड त्याच्या खाली साधारण उणे १५ सेल्सिअसपर्यंत चालतं आणि कॅल्शियम क्लोराइड उणे २५च्याही खाली. तुमच्याकडे कॅल्शियम क्लोराइडची एक छोटी बादली वेगळी ठेवा, फक्त कडक थंडीच्या दिवसांसाठी आणि फक्त पायऱ्यांसाठी. इतर वेळी साधं मीठ. आणि अगदीच गोठवणारे दिवस असतील तर वितळवायच्या मागे लागू नका, जाडी वाळू टाका, ती बर्फ घालवत नाही पण पाय घसरू देत नाही, आणि घरातल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

पिशवीवर समोर मोठ्या अक्षरात "उणे अमुकपर्यंत चालतं" लिहिलेलं असतं ते बघून घेऊ नका, मागे घटक वाचा. बऱ्याच मिश्रणांत बहुतेक सगळं साधं मीठच असतं आणि वरून दुसऱ्याचा थोडासा मुलामा.

स्कारबरोहून, एका सांस्कृतिक मंडळाच्या हॉलचे सेक्रेटरी: आमचा स्वतःचा छोटा हॉल आहे. पार्किंगला कॉन्ट्रॅक्टर येतो, पण दाराच्या पायऱ्या, रँप आणि मागचा फायर एक्झिट आम्ही स्वयंसेवकच बघतो. मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका साड्या नेसून येतात, ज्येष्ठ मंडळी असतात, कुणी पडलं तर काय ही धास्ती असते. मीठ किती साठवावं, कुठे ठेवावं, आणि जबाबदारी कुणाची?

तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जागा. बहुतेक हॉलमध्ये मीठ असतं ते आतल्या स्टोअररूममध्ये, ढोलकी, मखर आणि घडीच्या खुर्च्यांच्या मागे, आणि स्टोअरची किल्ली ज्यांच्याकडे ते अजून ट्रॅफिकमध्ये अडकलेले. तोपर्यंत पहिली चार माणसं पायऱ्या चढून गेलेली असतात. मीठ जिथे लागतं तिथे, दाराबाहेर हाताशी हवं. त्यासाठी उतरत्या झाकणाची प्लास्टिकची सॉल्ट बिन मिळते, पाणी साचत नाही, पाऊस आत जात नाही. २०० लिटरची बिन भरली की अडीचशे किलोच्या आसपास वजन होतं, ती नंतर कुणाला हलवता येत नाही, म्हणून जागा आधीच नीट ठरवा. सपाट, जरा उंच जागी, वितळलेल्या बर्फाचं पाणी जिथून वाहतं त्या वाटेत नको, गटाराच्या जाळीजवळ नको, झाडाच्या बुंध्याशी नको, आणि रँपची रुंदी किंवा फायर एक्झिटचं दार तिच्यामुळे अडायला अजिबात नको. लोखंडी पिंप घेऊ नका, दोन हिवाळ्यांत गंजून बूड सुटतं. मागच्या फायर एक्झिटला मोठी बिन कशाला, एक झाकणाची बादली आणि आत एक डबा मापाला ठेवलात की पुरे, पण ती ठेवाच, कारण ते दार रोज वापरात नसतं म्हणून तिथला बर्फ कुणाच्या लक्षात राहत नाही आणि नेमकं तेच दार आग लागली की लागतं.

जादा साठा असेल तर आत, पॅलेटवर, आणि जुनी पिशवी आधी वापरायची. २० किलोची पिशवी सत्तरीच्या काकांनी उचलायची नाही, ज्यांना झेपतं त्यांनी एकदाच येऊन लहान बादल्यांमध्ये भरून ठेवायचं. पिशव्या छातीएवढ्या उंच रचू नका, ओल्या जमिनीवर एक सरकली तर पायावर येते. उघड्यावर ढीग करून त्यावर ताडपत्री टाकायची कल्पना कुणी काढली तर मोडून काढा. कॅनडा सरकारनं २००१ साली रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक ठरवलं आणि २००४ मध्ये जे मार्गदर्शक नियम आले ते वर्षाला ५०० टनांपेक्षा जास्त वापरणाऱ्यांसाठी आहेत खरे, पण त्यातली मूळ गोष्ट, की मीठ छपराखाली आणि पाणी न मुरणाऱ्या जमिनीवर ठेवायचं, ती तुमच्या पाच पिशव्यांनाही तितकीच लागू आहे.

वेळेचं म्हणाल तर कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास तरी टाका, मिठाला काम करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बर्फ पडायच्या आधी थोडंसं टाकून ठेवलं तर तो जमिनीला घट्ट चिकटतच नाही आणि नंतर मीठही कमी लागतं. दाण्यादाण्यांमध्ये दोन-तीन इंच मोकळी जागा दिसली पाहिजे, पांढरा सडा दिसला म्हणजे जास्त झालं, आणि जास्त मिठाच्या दाण्यांवरून सपाट चपलांचा पाय घसरतोसुद्धा. दाराच्या आत लांब पायपुसणं टाका, साडी नेसून येणाऱ्यांना बूट बदलायला दाराशीच खुर्ची ठेवा, रँपच्या कठड्यावरचा बर्फही पुसा, ज्येष्ठ माणूस सगळा भार तिथेच टाकतो.

जबाबदारीचं, मी वकील नाही, तुमच्या इन्शुरन्सवाल्यांशी बोलाच, पण एवढं माहीत असू द्या. ऑन्टारियोत जागेचा ताबा ज्याच्याकडे त्यानं ती वाजवी सुरक्षित ठेवायची असा कायदा आहे, आणि जानेवारी २०२१च्या अखेरीपासून त्यात अशी तरतूद आली की खाजगी जागेत बर्फावरून पडून इजा झाली तर ६० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. दावा त्यानंतरही येऊ शकतो, साधारणपणे दोन वर्षांपर्यंत. आता दोन वर्षांनी त्या दिवशी मीठ टाकलं होतं का हे कुणाला आठवणार? म्हणून बिनच्या झाकणाला आतून एक प्लास्टिकची पिशवी आणि वही लावा, तारीख, वेळ, तापमान, काय केलं, कुणी केलं. एक ओळ. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकलात तरी चालेल पण वही हवीच, फोन बदलतात. आणि कॉन्ट्रॅक्टरच्या करारात पायऱ्या त्याच्याकडे की तुमच्याकडे हे स्पष्ट लिहून घ्या, भांडणं तिथेच होतात.

लेस्टरहून: आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर काउन्सिलची पिवळी ग्रिट बिन आहे. त्यातलं मीठ घरच्या ड्राइव्हला घेतलं तर चालतं का? ते तपकिरी का असतं? आणि मी फुटपाथ साफ केला आणि कुणी घसरलं तर माझ्यावर येईल अशी भीती घालतात सगळे.

नाही चालत. ती सार्वजनिक रस्त्या-फुटपाथसाठी असते, घरासाठी स्वतःचं विकत घ्या. तपकिरी दिसतं ते मातीमुळे, तुमच्याकडचं बरंचसं मीठ चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं, १८४४ पासूनची खाण आहे ती, आणि त्या मिठात चिकणमाती मिसळलेली असते. काम तितकंच करतं, फक्त बुटाबरोबर घरात आलं की कार्पेटवर डाग पडतो, म्हणून दाराच्या अगदी जवळ पांढरं वापरा. भीतीचं म्हणाल तर ब्रिटिश सरकारचा स्नो कोड, म्हणजे बर्फ कसा साफ करायचा याच्या सूचना, आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की काळजीपूर्वक साफ केलंत तर तुमच्यावर दावा होण्याची शक्यता कमी. दर चौरस मीटरला एक टेबलस्पून मीठ असं मापही त्यातच दिलंय. तेव्हा बिनधास्त साफ करा, शेजारच्या आजींचा फुटपाथही करा.

कॅलगरीहून: घरात दीड वर्षाचं बाळ आणि लॅब्रॅडॉर आहे. "पेट सेफ" लिहिलेलं घेतलं तर बादली दाराशी उघडी ठेवली तरी चालेल ना?

उघडी कुठलीच नको. "पेट सेफ" म्हणजे पंजांना कमी झोंबणारं, खायला चालणारं नव्हे. कुत्र्यानं भरपूर मीठ खाल्लं तर रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेतू शकतं, आणि लॅब्रॅडॉर काय काय खातो ते तुम्हाला मी सांगायला नको. कॅल्शियम क्लोराइड ओलं झालं की गरम होतं, बाळाच्या ओल्या हाताला किंवा तोंडाला भाजू शकतं. लहान मुलांना न उघडणारं फिरकीचं झाकण घ्या, बादली उंचावर ठेवा. फिरून आल्यावर कुत्र्याचे पंजे कोमट पाण्यानं धुवा, बोटांच्या मधलेसुद्धा. गाडीचं अँटीफ्रीझ मात्र मिठाच्या आसपासही ठेवू नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि थोडंसं पोटात गेलं तरी जीवघेणं.

पुण्याहून एक आजी: मुलीच्या बाळंतपणाला डिसेंबरमध्ये बॉस्टनला जाते आहे. जावई सकाळी लवकर जातात. मी म्हटलं पायऱ्यांवर उकळतं पाणी टाकीन आणि वरून स्वयंपाकघरातलं मीठ, तर लेक ओरडली. माझं काय चुकलं?

काकू, उकळतं पाणी खरंच नको. क्षणभर बर्फ जातो आणि त्याच पाण्याची थोड्या वेळात काचेसारखी गुळगुळीत, दिसतसुद्धा नाही अशी परत बनते, साध्या बर्फापेक्षा वाईट. स्वयंपाकाचं मीठ चालतं हो, तेही सोडियम क्लोराइडच, फक्त बारीक असल्यामुळे लगेच विरघळून वाहून जातं आणि महाग पडतं, तेव्हा अडीनडीला ठीक. जावयांना सांगा, झाकणाची एक छोटी बादली आणि एक वाटी दाराच्या *आतल्या* बाजूला ठेवून जा, म्हणजे तुम्हाला मीठ आणायला आधी त्याच पायऱ्या उतरायला नकोत. दार उघडून उभ्या राहा, हात पोचेल तिथवर मूठभर भुरभुरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग कठडा धरून उतरा. छोटी पावलं, पाऊल सपाट, दोन्ही हात मोकळे, खिशात नकोत. पुण्याहून बूट आणू नका, तिथेच खोल खाचांचे रबरी तळाचे घ्या. आणि खरं सांगू, बर्फ पडलेल्या सकाळी बाहेर जायची गरज नसेल तर जाऊच नका, लेकीला आणि बाळाला तुम्ही घरात धडधाकट हव्या आहात.

एडिसन, न्यू जर्सीहून: याच सप्टेंबरमध्ये काँक्रीटचा नवा ड्राइव्हवे केला. मीठ टाकू का?

पहिला हिवाळा टाकू नका, वाळूवर भागवा. नव्या काँक्रीटमध्ये पाणी मुरतं, मिठामुळे ते पुन्हा पुन्हा वितळतं-गोठतं आणि वरचा पापुद्रा सुटतो. अमोनियम सल्फेट किंवा अमोनियम नायट्रेट असलेलं तर जुन्यावरही कधीच नको.

उरणहून: आमच्याकडे मिठागरं आहेत. तुम्ही लोक एवढं मीठ रस्त्यावर टाकता ते येतं कुठून? समुद्राचंच का?

समुद्राचंच, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या. आमच्या ऑन्टारियोत गॉडरिच नावाचं गाव आहे, तिथे १८६६ मध्ये तेल शोधायला खोदत होते आणि मीठ लागलं. आज तिथली खाण ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली सुमारे ५५० मीटर खोल आहे, जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण, आणि तिथूनच जहाजं भरून सरोवरांच्या काठच्या शहरांना मीठ जातं. डेट्रॉइट शहराच्या खालीही खाण आहे, क्लीव्हलंडला ईरी सरोवराखाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला तर चिलीहूनही मीठ जहाजानं येतं. तुमच्या मिठागरातलं मीठ बर्फावर तितकंच चालेल, पण एवढ्या स्वस्त मालाला एवढा प्रवास परवडत नाही. आमच्या रस्त्यावरच्या मिठात दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सोडियम फेरोसायनाइड नावाचं रसायन अगदी थोडं घालतात. मात्र उरणच्या माणसाला हे पटेल, उघड्यावरच्या राशीला पाऊस लागला की मीठ गेलं ते गेलं.

ग्वेल्फजवळच्या गावातून: आमचं घर शेताच्या कडेला, पाणी स्वतःच्या बोअरवेलचं. शेड विहिरीजवळच आहे, तिथे वर्षभराचं मीठ ठेवतो. काही धोका?

आहे, आणि हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. मिठातलं क्लोराइड मातीत अडत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली जातं, आणि भूजलात एकदा गेलं की काढायचा घरगुती उपाय परवडत नाही. मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करायला पुरेसं आहे, आणि तुमच्या शेडमध्ये पिशव्याच्या पिशव्या आहेत. मीठ आजच तिथून हलवा, विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला, पक्क्या जमिनीवर, छपराखाली, बंद बादल्यांत. शेडमधल्या मातीच्या जमिनीवर सांडलेलं असेल तर वरची माती खरवडून काढा. पाण्याची तपासणी करताना बॅक्टेरियाबरोबर सोडियम आणि क्लोराइडही तपासायला सांगा, नेहमीच्या तपासणीत ते नसतं, आणि घरात कुणाला ब्लडप्रेशरसाठी कमी मिठाचा आहार असेल तर सोडियमचा आकडा डॉक्टरांना दाखवा. बर्फ वितळून ड्राइव्हवे कोरडा झाला की वर राहिलेले दाणे खराट्यानं झाडून परत बादलीत भरा, पुढच्या बर्फाला तेच चालतात.